ताबा, तारीख आणि आठ वर्षांचा मुलगा

प्रश्न : ताई, नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात माहेरी राहते. दीड वर्षापूर्वी सुरतहून मुलाला घेऊन परत आले. नवरा उधन्याला डाइंग मिलमध्ये सुपरवायझर आहे. मारहाण कधी झाली नाही, खोटं बोलणार नाही. पण दोन खोल्यांत सासू-सासरे, दीर-जाऊ, त्यांची पोरं, रोजची कटकट, आणि पगार कुठे जातो ते मला कधी कळू दिलं नाही. आता मी गावात शिलाईकाम करते. लग्नसराईत ब्लाउज भरपूर येतात, एरवी हात रिकामाच.

मुलगा आठ वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे. त्याचे वडील महिन्यातून एकदा पॅसेंजरने येतात आणि दोन दिवसांसाठी त्याला सुरतला नेतात. परत आला की तो दोन-तीन दिवस कोणाशी धड बोलत नाही. पोट दुखतं म्हणून शाळा बुडवतो. रात्री अंथरूण ओलं करतो, हे आधी नव्हतं. वडील फोनवर त्याला विचारतात, ‘जजसाहेबांनी विचारलं तर काय सांगशील?’ आणि इथे माझी आई त्याला जवळ घेऊन विचारते, ‘तुले माय आवडस का बाप?’

गेल्या महिन्यात सुरतच्या कोर्टाची नोटीस आली. त्यांनी ताबा मागितलाय. गावात म्हणतात, पाच वर्षं झाली की मुलगा बापाचाच. माझे मामा म्हणतात, पोराला धाडूच नको, वर मारहाणीची केस टाक, सरळ येतील. भाऊबंद म्हणतात, स्टॅम्पपेपरवर लिहून मोकळे व्हा. यंदा कानबाईच्या सणाला सासरहून निरोप आला होता, ‘त्याच्या नावाचे गहू मोजलेत, पाठवा.’ मी पाठवलं नाही. मुलगा दिवसभर रडला. तो माझ्याकडून जाईल का? त्याला कोर्टात उभं करतील का? मी काय करू?
— एक आई, अमळनेर तालुका

उत्तर : ताई, मुलगा पाच वर्षांचा झाला म्हणून आपोआप बापाकडे जात नाही. ही समजूत खानदेशात गावोगाव आहे आणि तिने कितीतरी बायांची झोप उडवली आहे. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात एवढंच म्हटलंय, की पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे असावं. त्यापुढच्या वयासाठी ताबा अमक्याचाच, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. त्याच कायद्याचं तेरावं कलम सांगतं, की मुलाचं हित सगळ्यांच्या वर धरायचं. १९७३ साली रोझी जेकब यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं, की मुलं ही आईबापांची मालमत्ता नव्हेत आणि त्यांची खेळणीही नव्हेत. न्यायाधीश बघतात ते हे, की मुलाचा अभ्यास कोण घेतं, आजारपणात रात्री कोण जागतं, ते आत्ता कुठे रुळलंय, आणि हलवलं तर त्याचं काय मोडेल.

शिलाईत पैसे कमी मिळतात याचीही धास्ती घेऊ नका. बापाचा पगार जास्त म्हणून मूल त्याच्याकडे, असा हिशेब नसतो. उलट मूल तुमच्याकडे असलं तरी त्याच्या खर्चाची जबाबदारी वडिलांची आहेच. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४व्या कलमाखाली, म्हणजे पूर्वी जे १२५ कलम म्हणायचे त्याखाली, तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायालयात पोटगीचा अर्ज करता येतो. त्यासाठी सुरतला जावं लागत नाही. खटला चालू असतानाची अंतरिम पोटगी मागा. तो अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असं कायदाच म्हणतो. मुलाचे वह्या-दप्तर, दवाखाना, कपडे असा खर्च लिहायला आजपासून एक वही घाला.

आता नोटीस. ती सुरतची आहे म्हणून ट्रंकेत टाकून देऊ नका. तारखेला कोणीच हजर राहिलं नाही तर एकतर्फी हुकूम होऊ शकतो आणि मग तो फिरवायला दुप्पट पळापळ. १८९०चा पालक व पाल्य कायदा म्हणतो, की मूल सामान्यतः जिथे राहतं तिथल्या न्यायालयात असा अर्ज करायचा. तुमचा मुलगा दीड वर्ष तुमच्या गावात राहतोय, तिथल्या शाळेत जातोय. तेव्हा हा अर्ज सुरतला चालू शकत नाही, ही हरकत पहिल्याच लेखी म्हणण्यात घ्यायला वकिलांना सांगा. शाळेचा बोनाफाईड दाखला, हजेरी, गावच्या दवाखान्याचे कागद जोडा. निर्णय न्यायाधीश देतील, पण हरकत वेळेवर घेतलेली असली पाहिजे. वकिलाच्या फीचं म्हणाल तर १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला उत्पन्नाची कुठलीही अट न घालता मोफत वकील मिळतो. अमळनेरच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन लावा. सुरतच्या तारखेसाठीही तिथल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वकील मागता येतो.

मामांचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. मारहाण झाली असती तर मीच म्हटलं असतं, की २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली आज अर्ज करा. त्यात मुलाचा तात्पुरता ताबाही मागता येतो. पण तुम्ही स्वतः लिहिलंय की झाली नाही. न झालेल्या माराची केस उलटतपासणीत टिकत नाही, आणि ती पडली की तुमच्या खऱ्या तक्रारींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. शिवाय आपल्या आईने बापाला पोलिसांत नेलं, हे मुलाला शाळेतली पोरं सांगतील. गावात ते लपत नाही.

मुलाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कोणी उभं करणार नाही. असल्या प्रकरणांत न्यायाधीश बहुतेक वेळा मुलाला आपल्या चेंबरमध्ये बोलावतात, आईबाप आणि वकील बाहेर. शाळा कशी आहे, मित्र कोण, झोपायला कोणाजवळ असतोस, असं साधं बोलतात. मूल समजून-उमजून सांगण्याइतकं मोठं असेल तर त्याची इच्छा विचारात घेता येते, असं कायद्यात आहे. त्यासाठी ठराविक वय दिलेलं नाही, आणि त्याच्या एका वाक्यावर निकाल लागत नाही. विवाह समुपदेशक म्हणून मी नोकरी केली त्या काळात अशी पुष्कळ मुलं माझ्यासमोर बसली. पढवलेलं मूल पाच मिनिटांत ओळखू येतं. आठ वर्षांचा मुलगा ‘मानसिक छळ’ म्हणाला की कळतं, हे शब्द कुठल्यातरी मोठ्या माणसाचे आहेत. मग खाली मान घालून तो बोटांशी चाळा करत बसतो. पढवून कोणाचा फायदा झालेला मी पाहिला नाही. मुलाचं मात्र नुकसान होतं, कारण त्याला वाटायला लागतं की आईबापांपैकी एकाला आपणच हरवणार आहोत.

आणि तुमच्या मुलाचं तेच चाललंय. फोनवर बाप त्याला विचारतो, ओसरीवर आजी विचारते. आजीचा जीव आहे त्याच्यावर, मला दिसतं ते. तिच्या मनात वाईट काही नाही. पण ‘तुले माय आवडस का बाप’ हा प्रश्न घरात पुन्हा निघता कामा नये. आजीला एकटीला बसवून सांगा. वडिलांशी बोलणं होत असेल तर त्यांनाही सांगा, होत नसेल तर मेसेज करा, रागाचा एकही शब्द न घालता : ‘मी त्याला कोर्टाचं काही विचारणार नाही. तुम्हीही विचारू नका.’ एवढंच. उत्तर आलं नाही तरी तुमच्या बाजूने पाळा.

मुलाशी तुम्ही स्वतः एकदा नीट बोला. तो खेळून आला, जेवला, अंगणात पडलाय, अशा वेळी. तुमच्या शब्दांत, पण साधारण असं : ‘तुझ्या बाबांचं नि माझं पटत नाही. ते आमचं मोठ्यांचं भांडण आहे, तुझ्यामुळे झालेलं नाही. तू कुठे राहायचं हे तुला ठरवायचं नाही. ते आम्ही नि न्यायाधीश बघू. तुला बाबांची आठवण आली तर मला सांग. मला राग येणार नाही.’ शेवटचं वाक्य तुम्हाला जड जाईल, मला ठाऊक आहे. तरी म्हणा. आणि म्हटल्यावर ते पाळायला लागेल. तो सुरतच्या गमती सांगायला लागला की चेहरा पडू द्यायचा नाही.

सुरतहून आल्या संध्याकाळी त्याला काहीही विचारू नका. बाबा काय म्हणाले, कोण होतं घरी, काकू काय बोलली, काहीच नाही. अंघोळ, आवडीचं जेवण, आणि पोरांत खेळायला मोकळा सोडा. बोलायचं असेल ते तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपणहून बोलेल.

अंथरूण ओलं होतंय त्यासाठी आधी मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. लघवीची तपासणी करून घ्या, कधीकधी साधा जंतुसंसर्ग असतो. पोटदुखीचंही त्यांना सांगा. तपासण्या ठीक आल्या तर मग मनावरचा ताण समजायचा, आणि धुळे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवायचं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांकही आहे, फोनवर मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. ओल्या अंथरुणावरून रागावणं, चिडवणं, शेजारणीला सांगणं बंद. एक गोष्ट मी मुद्दाम लिहिते, कारण ती टाळून चालणार नाही. भेटीनंतरच असं होतंय, तर तिथे त्याला कोणाची भीती वाटते का, कोणी मारतं का, नको तिथे हात लावतं का, हे डॉक्टरांसमोर किंवा समुपदेशकासमोर शांतपणे निघू द्या. तुम्ही त्याच्या तोंडात शब्द घालू नका. तसं काही निघालं तर लगेच मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनला कळवा आणि भेटी थांबवा, मग तारखेची वाट बघू नका. न निघालं तर त्या बापावर मनातल्या मनातही तो आरोप ठेवू नका.

तसं काही नसेल तर भेटी बंद करू नयेत, असं माझं ठाम मत आहे. महिन्यातून दोन दिवस वडिलांबरोबर घालवायला मिळणं हा त्या मुलाचा हक्क आहे. वडिलांशी तुमचं जे काही आहे त्याची वसुली त्यातून करता येत नाही. भेटी कशा व्हाव्यात, हे मात्र तुम्ही बदलायला सांगू शकता. सध्या काही महिने सुरतचा मुक्काम नको, दिवसभराची भेट अमळनेरलाच असू द्या, असं सुचवा. आठ वर्षांच्या पोराला दोन दिवसांत एवढा प्रवास, त्यात दोन खोल्यांत भरलेलं घर, आणि आल्या-आल्या सोमवारची शाळा. तो दमून जात असेल. वडील सकाळच्या गाडीने आले की मुलाला तुमच्या भावाने स्टेशनवर सोडावं. बापलेकांनी मंगळग्रह मंदिराच्या आवारात बसावं, मंगळवारची गर्दी टाळून. बाजारात फिरावं, शेवभाजी खावी. सोडताना आणि घेताना दोन्हीकडची माणसं कमीत कमी असू द्या. भांडणं होतात ती याच पाच मिनिटांत, आणि मुलाला नेमकी तीच लक्षात राहतात.

कानबाईबद्दल. मी धुळ्याची आहे, आमच्याकडेही नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. कुठे कुठे गेलेले भाऊबंद त्या दिवशी घरी येतात. रोटासाठी, म्हणजे देवीच्या प्रसादासाठी, माणसांमागे गहू मोजतात तेव्हा बाहेरगावच्यांचीही नावं घेतात. ताई, तुमच्या मुलाच्या नावाचे गहू त्या घरात मोजले गेले, याचा अर्थ तुमच्यापासून त्याला ओढून घेतलं असा नाही. तो त्या घराचाही आहे, एवढाच अर्थ. त्याला पाठवायला हवं होतं, हे मी तुम्हाला स्पष्टच सांगते. तो रडला तो चुलत भावंडांसाठी, आजीसाठी, फुगड्या नि गाण्यांसाठी. पुढच्या श्रावणात पाठवा, आणि तसं आत्ताच कळवून टाका. निरोप गेल्यावर त्या घरातल्या चार बायकांच्या मनातलं तुमचं चित्र थोडं बदलेल. खटल्यातही त्याचा उपयोग होईल, पण त्यासाठी म्हणून करू नका.

कानबाईला झालं तसं पुन्हा होऊ नये म्हणून, भेटीचं जे काही ठरेल ते ढोबळ ठरू देऊ नका. ‘वडिलांना भेटीचा हक्क राहील’ एवढ्या एका ओळीवर सुटका मानणारी माणसं सहा महिन्यांत परत कोर्टाच्या पायरीवर येतात. बारीक बारीक लिहून घ्या. महिन्याचा कितवा शनिवार, किती वाजता, कोणत्या ठिकाणी, आणायला कोण येणार, गाडीला उशीर झाला तर कोणाला फोन. फोनची वेळ ठरलेली, समजा संध्याकाळी साडेसात, आणि त्या दहा मिनिटांत स्पीकर बंद. उन्हाळ्याची सुट्टी अर्धी-अर्धी. पण महाराष्ट्राच्या आणि गुजरातच्या शाळांच्या सुट्ट्या एकाच दिवशी लागत नाहीत नि संपत नाहीत, तेव्हा मुलाच्या शाळेची सुट्टी धरायची असं लिहा. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, त्याच दिवसांत येते. तुमच्या बहिणी माहेरी येणार, लिंबाला झोके बांधणार, मावसभावंडं गोळा होणार. ते दिवस तुमच्याकडे मागा. कानबाईचा रविवार-सोमवार त्यांच्याकडे द्या. दिवाळी एक वर्ष इथे, एक वर्ष तिथे, आणि भाऊबीजेला चुलतबहीण ओवाळणार की मामेबहीण, तेही लिहा, हसू नका. तिकिटाचे पैसे कोणाचे, तापाचं औषध आणि वह्या बरोबर कोण देणार, शाळेच्या स्नेहसंमेलनाला दोघांनी यायचं की नाही. आजारी पडल्याने भेट चुकली तर ती बदलून कधी द्यायची. हे सगळं दोन पानांत बसतं.

भाऊबंद म्हणतात तसं स्टॅम्पपेपरवर लिहिता येईल, पण त्या कागदाला कोर्ट बांधील नसतं. दोघांचं जमतंय असं दिसलं तर जिल्हा न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात बसा आणि त्याच अटी तडजोडीच्या अटी म्हणून न्यायालयात दाखल करा. भाऊबंदांपैकी एखादा शहाणा माणूस दोघांच्याही शब्दाचा असेल तर बरोबर घ्या. एकच. वीस माणसं बसली की ती तुमच्या मुलासाठी बसत नाहीत. आणि आज जे ठरेल ते कायमचं नसतं. मुलगा बारा-तेराचा झाला, हायस्कूलसाठी कुठे जायचं ठरलं, परिस्थिती बदलली, की ताब्याचा आणि भेटीचा आदेश बदलून मागता येतो.

भेटीच्या दोन दिवसांत तुम्ही काय करता ते पत्रात नाही. बहुतेक आया त्या दिवसांत दाराकडे बघत बसतात. त्या दोन दिवसांसाठी राखून ठेवलेलं शिलाईचं काम काढा, मैत्रिणीकडे जा, झोपा. तुमची झोप परत येणं हीही त्या मुलाचीच गरज आहे.

प्रश्न : मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक शेतकरी. पत्नी मुलीला घेऊन चार वर्षांपासून नाशिकला असते. मुलगी बारा वर्षांची आहे. कोर्टाने महिन्यातून दोन रविवार भेट दिलीय. आधी मुलगी यायची, पण मोबाइल बघत बसायची. आता ‘मला यायचं नाही’ म्हणते. चार महिने तोंड पाहिलेलं नाही. तिच्या आईनेच तिचे कान भरलेत. मी रागाने पोटगी बंद केली. भेट नाही तर पैसा नाही. मित्र म्हणतात, चार माणसं घेऊन शाळेच्या गेटवर उभं राहू. काय करावं?
— एक बाप, रावेर तालुका

उत्तर : भाऊ, हा अंक हातातून ठेवाल तेव्हा थकलेली पोटगी भरा. सगळी एकदम जमत नसेल तर घड कापल्यावर जमेल तशी, पण बँकेतून, पावती राहील अशी. भेट आणि पोटगी या कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मिळाली नाही म्हणून दुसरी अडवता येत नाही. अडवलीत तर वसुलीचं वॉरंट तुमच्यावर निघेल, आणि मुलगी ‘बाबा मला खर्चाला पैसे देत नाहीत’ एवढंच धरून बसेल. त्या वेळी कान भरायला दुसऱ्या कोणाची गरज पडत नाही.

शाळेच्या गेटवर जाऊ नका. बारा वर्षांच्या मुलीला मैत्रिणींसमोर असं झालेलं ती कधी विसरणार नाही.

कोर्टाचा भेटीचा आदेश असताना भेट होत नसेल तर त्याच न्यायालयात त्याची अंमलबजावणी मागता येते, वकील त्याला दरखास्त म्हणतील. ती करा. पण त्यात पोलीस बंदोबस्त मागण्याऐवजी दोन गोष्टी मागा. मुलीशी समुपदेशकाने एकटीशी बोलावं ही पहिली. आणि भेटी सुरळीत होईपर्यंत ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल व्हावा ही दुसरी. यशिता साहू यांच्या २०२०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, की मुलाला दोन्ही पालकांचं प्रेम मिळण्याचा हक्क आहे, आणि जो पालक लांब आहे त्याला फोनवर, व्हिडिओवर बोलता यावं. तुमच्या वकिलांना तो निकाल माहीत असेल.

कान भरले असतील. असं होतं, मी पाहिलंय, आणि ते मुलीवर अन्यायाचंच आहे. पण तिचं स्वतःचंही काही म्हणणं असू शकतं. रविवारची तिची चित्रकलेची शिकवणी बुडत असेल. तुम्ही भेटल्यावर आईबद्दल विचारत असाल. वयात येताना तिला बापाशी काय बोलावं ते सुचत नसेल. समुपदेशकाने जे सांगितलं ते न भांडता ऐकून घ्या, अगदी चूक वाटलं तरी.

दरम्यान तिला पत्र लिहा. कागदावर, हाताने, महिन्याला एक. त्यात ‘तुझ्या आईने’ हे दोन शब्द नकोत, कोर्ट नको, ‘तू का येत नाहीस’ नको. बाग निसवली का ते लिहा. वादळात किती खोडं आडवी झाली, गायीला वासरू झालं, आजीच्या गुडघ्याचं कसं आहे, तिच्या खोलीच्या खिडकीत कबुतराने घरटं केलं, असलं लिहा. एक प्रत जवळ ठेवा. उत्तर कदाचित दोन वर्षं येणार नाही. तरी दर महिन्याला पत्र गेलं पाहिजे. सोळा-सतराच्या वयात मुलं आपणहून विचारायला लागतात, आणि त्या वेळी तुम्ही कुठे होतात याचं उत्तर त्या पत्रांत असेल.

प्रश्न : मी शिरपूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मुख्याध्यापक आहे. दुसरीतल्या एका मुलीचे आईवडील वेगळे झालेत. आई म्हणते वडिलांकडे सोडू नका, वडील म्हणतात मी नेणारच. परवा शाळेच्या आवारात शिवीगाळ झाली. शाळेने कोणाचं ऐकायचं?
— एक मुख्याध्यापक

उत्तर : गुरुजी, दोघांनाही कोर्टाच्या आदेशाची प्रत लेखी मागा. आदेश असेल तर त्याप्रमाणे वागा आणि प्रत मुलीच्या कागदांत लावा. आदेश नसेल तर शाळेने कोणा एकाची बाजू घ्यायची नाही. मुलीला रोज जो नेतो त्याच्याच हवाली करा, बदल हवा असेल तर दोघांच्या सहीचं पत्र आणायला सांगा. शाळेच्या वेळेत अधूनमधून कोणीही आलं तर मुलीला वर्गाबाहेर पाठवू नका, ऑफिसात बसवून दुसऱ्या पालकाला फोन करा, आणि तारीख-वेळ टाकून नोंद ठेवा. प्रगतिपुस्तक बघायला मात्र दोघंही येऊ शकतात, आदेशात मनाई नसेल तर. वेगवेगळ्या वेळा द्या. वर्गशिक्षिकेला सांगा, मुलीला आईबापांविषयी काही विचारायचं नाही, पण तिला घरी सोडताना कोण येणार आहे हे शेवटच्या तासाआधीच सांगून ठेवायचं. परवासारखं पुन्हा झालं तर मध्ये पडून वाद मिटवत बसू नका. पोलिसांचा ११२ आणि मुलांसाठीचा १०९८, दोन्ही क्रमांक ऑफिसच्या भिंतीवर लावून ठेवा आणि सरळ फोन करा.